दारातली बाटली

ढगांनी तीन आठवडे मुक्काम ठोकला होता. पाऊस धड पडत नव्हता आणि उन्हाचा तर पत्ताच नव्हता. भिंतीला हात टेकला तर हात ओला व्हायचा. कोंबड्यांच्या शेडमधला भुसा एरवी पायाखाली कुरकुरतो, तो आता चिखलासारखा दबत होता आणि त्याच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं. या सगळ्यावर कडी म्हणजे माश्या. घरात, दारात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, जेवताना ताटाच्या काठावर. बोलायला तोंड उघडावं तरी भीती.

शेड घराच्या मागे, चाळीसेक पावलांवर. कागदावर ती नवऱ्याच्या नावाची होती, पण गावात शेडवाली म्हणून ओळखत ते त्याच्या बायकोला, या घरच्या सुनेला, कारण काम तीच करायची. नवरा मेहनतीला कमी नव्हता, पण त्याला एक गोष्ट दोनदा सांगावी लागायची आणि तिसऱ्यांदा ती आपणच करून टाकावी असं वाटायचं. कंपनी पिल्लं द्यायची, खाद्य द्यायची, औषध द्यायची. दीड महिन्याने गाडी यायची आणि वाढलेल्या कोंबड्या भरून न्यायची. मधल्या दीड महिन्यात पिल्लांचा खोकला आणि पिल्लांची हगवण हेच शेडवालीचं जग.

ओला भुसा रोज फावड्याने ओढून बाहेर काढावा लागे. दोघं नवरा-बायको वाकून वाकून तो घमेल्यात भरत आणि शेड आणि घर यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ओतत. ढीग पुरुषभर उंच झाला होता. ऊन असतं तर दोन दिवसांत वाळला असता. आता तो आतल्या आत गरम होत होता आणि वरून पाहिलं तर हलत होता. ती हलणारी चीज काय होती ते शेडवालीला ठाऊक होतं, म्हणून ती पाहत नसे.

माश्यांवर तिने स्वतःच्या डोक्याने एक उपाय काढला होता. प्लास्टिकची मोठी बाटली, तिचं तोंड कापून उलटं आत बसवलेलं, तळाशी नासलेलं दूध आणि दोन चमचे साखर. माशी वासाने आत शिरते आणि बाहेरची वाट तिला सापडत नाही. ही बाटली तिने स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला, चौकटीच्या खिळ्यावर टांगली, कारण घरात माश्या शिरायच्या त्या याच दाराने. दारातच धरल्या की आत कशाला येतील? पहिल्याच दिवशी बाटली काळी झाली. संध्याकाळी तिने ती ढिगावर ओतली, काडीने माश्या मोजल्या आणि घरात येऊन जाहीर केलं, “तीनशे बारा!”

“नावं पण विचारलीस का त्यांना?” सासू म्हणाली.

सासूच्या जिभेला हाड नव्हतं. सुनेने पाणी तापवलं तर फार तापवलं, झाडून काढलं तर कोपरा राहिला. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण या चौदा वर्षांत सासूने एकदाही ‘बरं केलंस’ म्हटल्याचं शेडवालीला आठवत नव्हतं. मात्र बाटलीवर त्या एका वाक्यापलीकडे सासू काही बोलली नाही. उलट दुसऱ्या संध्याकाळी तिनेच विचारलं, “आज किती?” शेडवालीला एवढं बरं वाटलं की तिने तीनशे नव्वदचे चारशे सांगितले.

पुढे रोजचा रिवाजच पडला. संध्याकाळ झाली की सासू विचारायची, सून आकडा सांगायची, आणि दोघी काहीतरी जिंकल्यासारख्या बसायच्या.

नवीन पिल्लं आली ती याच दिवसांत. पहिला आठवडा त्यांना ऊब लागते, म्हणून शेडमध्ये पत्र्याच्या आडोशाला कोळशाच्या शेगड्या पेटवायच्या. शेगड्या सांभाळणं हे सासूचं काम आणि त्यात ती कोणाला हात लावू देत नसे. तिसऱ्या दिवशी पहाटे निखारे सारताना तिचा उजवा हात पत्र्याला लागला. मनगटापासून वर, वीतभर कातडं भाजलं. तिने हात गार पाण्याच्या बादलीत बुडवला आणि कोणाला काही सांगितलं नाही. दुपारी ती डाव्या हाताने वाढायला लागली तेव्हा घराला कळलं.

“आई, दाखवा बघू.”

“काय दाखवायचंय? हात आहे. दोन आहेत मला.”

गावातल्या कंपाउंडरने मलम लावून पट्टी बांधली आणि झाकून ठेवा म्हणून बजावलं. सासूने घरी येताच पट्टी सोडली. जखमेला वारा लागला पाहिजे, झाकली की सडते, हे तिचं ठाम मत होतं आणि तिच्या मतापुढे कंपाउंडरची काय कथा. घरात वारा म्हणाल तर एकाच जागी यायचा, मागच्या दारात. उजेडही तिथेच बरा. तेव्हा सासू मागच्या दारात पाट टाकून बसू लागली. मांडीवर डाळीचं ताट, भाजलेला हात गुडघ्यावर उघडा, आणि डोक्यावर खिळ्याला झुलणारी बाटली. डाव्या हाताने डाळ निवडायची, मध्येच तोच हात हलवून माशी हाकलायची, पुन्हा डाळ.

पाचव्या दिवशी पिल्लं खोकू लागली. कंपनीचा सुपरवायझर मोटरसायकलवरून आला, दाराशी कान लावून त्याने खोकला ऐकला आणि पिशवीतून पावडरची पाकिटं काढली. पिवळट, कडसर वासाची पावडर. सगळ्यांच्या पाण्यात, पाच दिवस.

“सगळ्यांच्या? खोकणारी शे-दीडशे असतील,” शेडवाली म्हणाली.

“बाकीची उद्या खोकतील. तुम्ही द्या. आणि ताई, बाहेर कोणी विचारलं तर पाण्यातून व्हिटॅमिन देतो म्हणायचं. उगाच चर्चा नको. चर्चा झाली की कंपनी पुढची पिल्लं दुसऱ्या शेडला देते, मग मला बोलू नका.”

पाच दिवस झाले, खोकला थांबला. पाकिटात थोडी पावडर उरली होती. शेडवालीने ती फेकली नाही. ढग हटेपर्यंत चिमूट चिमूट पाण्यात टाकत राहायचं तिने ठरवलं, म्हणजे खोकला परत यायला नको. हे ती पहिल्यांदा करत नव्हती. मागच्या वेळीही केलं होतं, त्याच्या मागच्या वेळीही. पिल्लं जगत होती ना, मग चुकलं कुठे?

इकडे सासूची जखम आठ दिवस झाले तरी सुकायचं नाव घेईना. कडा लाल, मध्ये हिरवट ओल. कंपाउंडरच्या गोळ्या संपल्या, दुसऱ्या आणल्या, त्याही संपत आल्या. दहाव्या दिवशी सासूने डाळीचं ताट बाजूला सारलं आणि काही न बोलता आत जाऊन पडली. तिने कशाला नावं ठेवली नाहीत, हे पाहून शेडवाली हातातलं काम टाकून मागोमाग आत गेली. कपाळाला हात लावला तर शेगडीला लावल्यासारखा.

मोठा दवाखाना बसने तासाभरावर होता. लांब खोली, लोखंडी खाटा, फिनेलचा वास. डॉक्टरीणबाई शेडवालीपेक्षा वयाने लहान असावी, पण तिच्या डोळ्यांखाली काळं होतं आणि बोलण्यात फाफटपसारा नव्हता. तिने जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेऊन नळीत बंद केला. हातावरची लाली कोपराच्या खाली चार बोटांवर येऊन थांबली होती. तिथे तिने निळ्या पेनाने हाताभोवती रेघ ओढली.

“ही लाली रेघेच्या वर गेली तर लगेच सांगायचं. इंजेक्शन सुरू करते. नमुना शहरात जातो, तिकडून उत्तर यायला चार दिवस. तोवर अंदाजानेच औषध द्यावं लागतं.”

सासूने रेघेकडे पाहिलं. “हातावर बांध घातला बाईने. आता बघू कोण कोणाच्या हद्दीत शिरतंय ते.”

डॉक्टरीण हसली नाही. ती कागदावर लिहीत होती. “घरी जनावरं? कोंबड्या?”

“शेड आहे,” शेडवाली म्हणाली.

“कोंबड्यांना औषध काय देता? पाण्यातून, खाद्यातून?”

प्रश्न साधा होता. शेडवालीच्या डोळ्यांपुढे सुपरवायझर उभा राहिला, मोटरसायकलचं हँडल धरलेला. मग रिकामी शेड दिसली, भुसा झाडून काढलेली, आत एक आवाज नाही.

“व्हिटॅमिन,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईने लिहिलं. शेडवालीने पेनाचा आवाज ऐकला. सासूने मान वळवून सुनेकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा छताकडे पाहू लागली.

पहिला दिवस लाली रेघेखाली राहिली. शेडवाली खाटेशेजारी स्टुलावर बसून हाताकडे बघत होती. बघून बघून तिला कळेना की लाली हलते आहे की आपलेच डोळे हलताहेत. तिने रेघेला करंगळी लावून ठेवली, जसं दुधाला उकळी येते का म्हणून आपण पातेल्याजवळ उभे राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने चौथं इंजेक्शन दिलं. दुपारी सासू तापात काहीतरी बडबडली, शेगडी विझली म्हणाली. चारच्या सुमाराला शेडवालीने बोट उचललं तर लाली रेघेच्या वर होती, अर्धा अंगठा.

तिने नर्सला सांगितलं. नर्सने डॉक्टरीणबाईला बोलावलं. डॉक्टरीणबाईने वर दुसरी रेघ ओढली आणि ओठ चावला. “या औषधाला ऐकत नाहीये. उत्तर परवा येईल. परवापर्यंत...” ती तशीच बाहेर गेली. बाहेरच्या व्हरांड्यात ती दुसऱ्या डॉक्टरशी बोलत होती ते शेडवालीला ऐकू आलं. कोपराच्या वर गेलं तर हात ठेवता येणार नाही.

शेडवाली उठली. नर्सला म्हणाली, “दोन-तीन तासांत येते, यांच्याकडे लक्ष ठेवा,” आणि पळतच बस गाठली.

नवरा शेडमध्ये एकटाच भुसा ओढत होता. अंगावरचा शर्ट पाठीला चिकटलेला. तिला अवेळी आलेली पाहून त्याचं फावडं हातातच राहिलं.

“आई?”

“आहेत. पाकीट कुठाय पावडरचं?”

“कशाला?”

“डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं कोंबड्यांना काय देता म्हणून. मी व्हिटॅमिन सांगितलं. खोटं बोलले मी. लाली वर चढतेय अहो, अंदाजानेच औषध चाललंय त्यांचं, आणि मी तोंड शिवून बसलेय.”

तिला वाटलं, हा आता सुपरवायझरचं नाव काढणार, पुढच्या पिल्लांचं काय म्हणणार. त्याला दोनदा सांगावं लागणार. पण नवऱ्याने फावडं भिंतीला टेकवलं, खाद्याच्या पोत्यांवर चढला आणि पत्र्याखालच्या वाशात खोचलेली तिन्ही पाकिटं काढून तिच्या हातात दिली. दोन रिकामी, एक अर्धं.

“मागच्या वेळचंही आहे यात,” तो म्हणाला. “सगळं सांग.”

दवाखान्यात ती परत पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरीणबाई घरी जायला निघाली होती, खांद्यावर पिशवी. शेडवालीने पाकिटं पुढे धरली. जे सांगायचं ते ती बसमध्ये दहादा घोकत आली होती, पण प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं, “व्हिटॅमिन नाही ते. हे देतो. सगळ्यांना देतो, खोकत नसली तरी. उरलेलं पण देतो.”

डॉक्टरीणबाईने दिव्याखाली पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं. मग पिशवी खाली ठेवली.

“मी आईंना देतेय ते हेच आहे. कोंबड्यांचं नाव वेगळं, माणसांचं वेगळं. औषध एकाच घरातलं.” ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त थकलेल्या आवाजात बोलत होती. “ज्या जंतूंना रोज हे थोडं थोडं पाजलं, ते याला पचवायला शिकतात. तसलेच जंतू या जखमेत असतील तर माझं इंजेक्शन म्हणजे त्यांना पाणी. आधी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते.”

“हो,” शेडवाली म्हणाली.

औषध बदललं. कपाटाचं कुलूप काढून आणावं लागतं असलं इंजेक्शन होतं ते. सकाळी सासूला आत नेऊन हातातलं मेलेलं मांस कापून काढलं. शेडवाली बाहेर भिंतीला पाठ लावून उभी होती. चौदा वर्षं ज्या बाईचं बोलणं ऐकून कान किटले होते, तिचा आवाज आता ऐकू येत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा दाराकडे कान देत होती. त्या संध्याकाळी लाली दुसऱ्या रेघेला टेकली आणि तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी एक बोट खाली आली. शहरातून उत्तर आलं तेही तेच सांगत होतं. त्या जंतूंवर चालणारी दोनच औषधं उरली होती, त्यातलं एक लागू पडलं होतं.

सासूने डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, “या चहात साखर कोणी टाकली, की नुसती दाखवली?” शेडवाली रडायला लागली. सासूला वाटलं सून चिडली.

मग एक दिवस डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसली आणि विचारायला लागली. शेडमध्ये कोण जातं, हात कुठे धुता, ढीग कुठे आहे, माश्या आहेत का?

“माश्या?” शेडवाली म्हणाली. “माश्यांचंच राज्य आहे.”

“घरातल्या काही जिवंत आणता येतील? स्वच्छ बरणीत. नमुना पाठवते त्यांचाही.”

त्यामुळे शेडवाली आयुष्यात पहिल्यांदा माश्यांना न मारता पकडत बसली. स्वयंपाकघरातल्या बावीस माश्या काचेच्या बरणीत, तोंडाला फडकं. बसमध्ये बरणी मांडीवर, वर रुमाल टाकलेला. शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, “मध आहे का हो?” आणि उत्तराची वाट न पाहता रुमाल उचलला. पुढच्या थांब्यापर्यंत शेडवालीच्या आजूबाजूची तीन बाकं मोकळी झाली होती. कंडक्टर लांबूनच म्हणाला, “मावशी, यांचं तिकीट काढलंय का?” सगळी बस हसली. तीही हसली असती, पण बरणीतून येणारी ती गुणगुण मांडीला जाणवत होती.

सहा दिवसांनी उत्तर आलं. माश्यांच्या पायांवर, तोंडावर, पोटात जे जंतू सापडले त्यांतले काही सासूच्या हातातल्यासारखेच निघाले. तेच औषध पचवणारे.

“म्हणजे माश्यांनीच आणले,” शेडवाली म्हणाली.

“असू शकतं. नक्की नाही सांगता येत. ढिगावरून माशीने हातावर आणले असतील. किंवा तुमच्याच हाताने गेले असतील, भुशातून. किंवा आईंच्या जखमेवर बसून माशीने घेतले असतील. माशी कुठून कुठे गेली ते आपल्याला माहीत नाही.” डॉक्टरीणबाईने कागद घडी केला. “जखम उघडी ठेवली होती ना? आई कुठे बसायच्या?”

“मागच्या दारात. पण तिथे तर मी बाटली लावली आहे,” आणि शेडवालीने बाटलीचं सगळं सांगितलं, नासलेलं दूध, साखर, उलटं तोंड. बोलताना तिच्या आवाजात थोडी ऐट आलीच. “रोज तीनशे-चारशे पडतात. मोजते मी.”

“आत पडल्या त्या मोजल्या,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “बाटलीच्या वासाने दारापर्यंत आल्या किती, ते कधी पाहिलं?”

शेडवाली त्या दुपारी घरी आली ती सरळ मागच्या दारात गेली. सासूचा पाट भिंतीला उभा होता. तो आडवा टाकून ती त्यावर बसली, हात गुडघ्यावर ठेवला आणि बघू लागली.

ढिगावरून त्या उठत. कपड्यांच्या दोरीवर टेकत. दोरीवरून दाराच्या चौकटीवर. तिथून बाटलीकडे. बाटलीभोवती फेरे घालत, काचेसारख्या प्लास्टिकवर चालत. दहा आल्या तर तीन आत शिरल्या. उरलेल्या सात चौकटीवर बसल्या, पाय चोळत. मग एक तिच्या गुडघ्यावर, एक मनगटावर, दोन सरळ आत गेल्या, भाताच्या झाकणावर. पुन्हा दहा आल्या. चार शिरल्या. ती बसलेली जागा बाटलीच्या बरोबर खाली होती. आपण माश्यांना दारात अडवत नव्हतो, ढिगावरून बोलावून आणत होतो. वाट आपण घालून दिली, आणि वाटेवर म्हाताऱ्या बाईचा उघडा हात मांडून ठेवला. चारशे पडल्या म्हणून नाचलो, त्या दिवशी हजार आल्या असतील.

तिने बाटली काढली. खिळाही उपटला. बाटली तिने शेडच्या पार पलीकडच्या टोकाला, कुंपणाजवळ नेऊन टांगली. ढीग दोघांनी तीन दिवस खपून तिकडेच हलवला, वर प्लास्टिक अंथरून कडांना दगड ठेवले. सुपरवायझर येऊन गेला. पिल्लं खोकत नाहीत तोवर पाण्यात काही पडणार नाही, असं शेडवालीने त्याला दारातच सांगितलं. तो म्हणाला बघू. पुढची पिल्लं येतील की नाही, ते तेव्हाच कळणार होतं.

सासू घरी आली तेव्हा ढग पांगले होते. उजवा हात कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. जखम भरत होती, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नव्हतं. आतली शीर गेली, डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं, त्या कडेला आता कळणार नाही, गरम-गार काहीच नाही, शेगड्यांपासून लांब ठेवा. सासूने घरात पाऊल टाकताच कोपरा झाडायचा राहिल्याचं दाखवून दिलं. मग पाट मागितला आणि मागच्या दारात जाऊन बसली.

शेडवाली तिच्यासमोर उंबऱ्यावर बसली. आत ठेवून ठेवून ते तिला जड झालं होतं.

“आई, एक सांगायचंय.”

“सांग.”

“ती बाटली. तिच्यामुळेच माश्या दारात यायच्या. तुमच्या हातावर बसायच्या त्या मीच बोलावलेल्या. डॉक्टरीणबाई नक्की नाही म्हणतात, पण मी बसून पाहिलं. माझ्यामुळे झालं हे.”

सासू रिकाम्या चौकटीकडे पाहत होती, खिळ्याचं भोक होतं तिथे.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“दिवसभर मीच बसायचे ना इथे. दुसऱ्या दिवशीच दिसलं मला. आत जातात थोड्या, येतात पुष्कळ. डाव्या हाताने हाकलून हाकलून खांदा दुखायचा.”

“मग बोलला का नाहीत? एरवी तर...”

“एरवी बोलते.” सासूने डाव्या हाताने मांडीवरचा न दिसणारा कचरा झटकला. “तू संध्याकाळी आकडा सांगायला यायचीस. चौदा वर्षांत या घरात तुला तसं हसताना पाहिलं नव्हतं मी. म्हटलं, एवढं एक राहू दे. माश्याच तर आहेत.”

सासूला ते बोलून अवघडल्यासारखं झालं असावं, कारण लगेच ती भलतंच बोलू लागली. कुंपणावर बाटली वाकडी टांगली आहेस, वाऱ्याने पडेल. शेगड्यांचा पत्रा वाकलाय तो सरळ करून घ्या. आणि आज किती पडल्या, मोजल्यास का?

तेवढ्यात दोरीवरून एक माशी उठली. चौकटीवर टेकली, तिथून पट्टीवर आली, पट्टीच्या कडेवरून चालत चालत उघड्या करंगळीवर गेली आणि नखाशी थांबून पाय चोळू लागली.

“अगं, विचारतेय मी,” सासू म्हणाली. “किती?”

माशी बोटाच्या पेरावरून खाली उतरली, दुसऱ्या बोटावर गेली. सासू सुनेच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती. हाताकडे तिचं लक्ष नव्हतं. तिला काही कळतच नव्हतं.